खुर्चीत तोच हवा

अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला, सोबतचं गोंधळलेलं पत्रही. नव्यानं सत्तेवर आलेल्या राष्ट्रप्रमुखाला अणुयुद्धाच्या निर्णयासाठी तयार करायचं तर त्याला किती माहिती द्यावी, हा तुझा प्रश्न. क्षेपणास्त्रांचे पल्ले, स्फोटशक्तीचे तक्ते, पर्यायांची यादी, सगळं व्यवस्थित आहे. पण शेवटी बारीक अक्षरात तू लिहिलंयस, ‘प्रत्यक्ष सरावात प्रमुखांच्या जागी वरिष्ठ सचिव बसतील.’ तिथे माझं डोकं फिरलं.

नाही. खुर्चीत तोच हवा. उद्या ज्याला हुकूम द्यायचा आहे, तोच.

ही खोड तुझ्या एकटीची नाही. मार्च १९८२ मध्ये अमेरिकेत ‘आयव्ही लीग’ नावाचा अणुयुद्धाचा मोठा सराव झाला. त्यात अध्यक्षांची भूमिका केली माजी परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स यांनी. खरे अध्यक्ष रेगन बाजूला बसून नकाशावर हल्ल्यांचे लाल ठिपके पसरताना बघत होते. बदली माणूस बसवण्याचं कारणही शहाणपणाचं सांगतात: नेता अशा वेळी काय करेल ते आधी फुटायला नको. मान्य. मग दार लावा, खोलीत चारच माणसं ठेवा. पण भावाला पाण्यात उतरवून आपल्याला पोहता येत नाही.

आता १९७२ सालची सोव्हिएत सर्वोच्च नेते ब्रेझनेव्ह यांची हकिगत बघ. सरावात क्षेपणास्त्रं खरोखर सुटणार होती, फक्त अण्वस्त्रांविना, आणि बटण ब्रेझनेव्ह यांनी स्वतः दाबायचं होतं. एका सोव्हिएत सेनाधिकाऱ्यानं पुढे मुलाखतीत सांगितलं, की त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, हात थरथरत होता, आणि यातून भलतंसलतं काही होणार नाही ना, असं ते संरक्षणमंत्री ग्रेच्को यांना पुन्हा पुन्हा विचारत होते. लोक यावर हसतात. मला विचारशील तर त्या सरावातलं तेवढंच कामाचं. सचिवाचा हात थरथरत नाही, कारण त्याला उद्या काही दाबायचं नसतं.

मसुद्याच्या सुरुवातीला तू सोव्हिएत इशारा केंद्रावरचे अधिकारी पेट्रोव्ह यांची गोष्ट घातलीयस, २६ सप्टेंबर १९८३ ची. ती काढ. उपग्रहानं पाच क्षेपणास्त्रं दाखवली, पाचच क्षेपणास्त्रांनी कुणी महायुद्ध सुरू करत नाही असा विचार करून त्या माणसानं वर ‘खोटा इशारा’ असं कळवलं. माणूस थोरच. पण प्रत्येक नवशिक्या ही गोष्ट सांगतो आणि ऐकणारा नेता मनात म्हणतो, चला, खाली कुणीतरी शहाणा बसलेला असतोच. त्याला ही पळवाट कशाला द्यायची?

त्याऐवजी त्याला खोट्या आकड्यासमोर बसव. ३ जून १९८० ला अमेरिकेच्या इशारा यंत्रणेतली एक चिप बिघडली आणि जिथे एरवी शून्यं असायची तिथे मधूनच २ चा आकडा उमटू लागला. कधी २ क्षेपणास्त्रं येताहेत, कधी २००. हे त्याला वाचून दाखवू नकोस, त्याच्यासमोर घडव. आकडा बदलू दे, शेजारी सेनापती घड्याळ बघू दे. जमिनीवरून सुटलेलं आंतरखंडीय क्षेपणास्त्र साधारण अर्ध्या तासात पोचतं, पाणबुडीतलं त्याहून लवकर. त्यातून शोध, खातरजमा, फोनाफोनी वजा कर. उरलेल्या मिनिटांत त्याच्या तोंडून आपणहून एक प्रश्न निघाला पाहिजे: उपग्रह म्हणतोय ते ठीक, रडार काय म्हणतंय? हा प्रश्न तक्ता बघून येत नाही. तो घाम फुटल्यावर येतो, आणि घाम ज्याचा त्यालाच फुटावा लागतो.

आणि हे काय लिहिलंयस, की ‘प्रथम वापर नाही’ असं धोरण असलेल्या देशाला इतक्या तयारीची गरज नाही? अगं, भारताचंच ४ जानेवारी २००३ चं निवेदन नीट वाच. पहिला वार आपण करायचा नाही. पण झाला तर प्रत्युत्तर प्रचंड आणि शत्रूला असह्य होईल असं, आणि हुकूम फक्त नागरी राजकीय नेतृत्वाचा. घाई कमी झाली हे खरं. पण मग निर्णय आपलं शहर जळत असताना घ्यायचा आहे. मेलेल्यांचा आकडा दर तासाला बदलतोय, सूड हवा म्हणून बाहेर आरडाओरडा चाललाय, आणि हल्ला नेमका कुणाच्या हुकमानं झाला याची खात्री करायची आहे. ही तयारी कमी लागते?

ब्रिटिशांचं एक मला आवडतं. नव्या पंतप्रधानाला चार अण्वस्त्रधारी पाणबुड्यांच्या कप्तानांसाठी स्वतःच्या हातानं पत्रं लिहावी लागतात: देशच उरला नाही तर काय करायचं. पायउतार झाला की ती न वाचता नष्ट करतात. मजकूर गेला चुलीत. लिहिताना ज्याचा त्याला तिथे बसावं लागतं.

मी हट्टी आहे असं तुला कुणीतरी सांगितलंच असेल. एका सरावात ऐन वेळी प्रमुखांऐवजी त्यांचे सहायक येऊन बसले. अहवालात ‘नेतृत्वाची तयारी समाधानकारक’ असं लिहायचं होतं. मी सही केली नाही. पुढे मला बोलावणं बंद झालं. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. त्या खोलीत राहून थोडं थोडं सुधारता आलं असतं, असं माझे मित्र म्हणतात. असेलही. पण नसलेल्या माणसाच्या तयारीवर सही कशी करायची, हे त्यांच्यापैकी एकानंही मला सांगितलेलं नाही.

तुझे वरिष्ठ म्हणतील, प्रमुखांना एवढा वेळ नसतो. वाद घालू नकोस. वीस मिनिटं देत असतील तर वीस घे, तक्ते सगळे गाळ, एकच खोटा इशारा ठेव. सचिवांचे दोन तास मात्र घेऊ नकोस. ती तळटीप खोडून मसुदा परत पाठव, बाकीचं मग बोलू.