आतड्यातील संप्रेरकाची नक्कल कशासाठी?

प्रश्न : माझी मुलगी नाशिकमध्ये एम.फार्म. करीत आहे. आतड्यातील संप्रेरकासारखी पेप्टाइड्स (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) उंदरांना टोचून त्यांची साखर तपासण्याचा तिचा प्रकल्प आहे. मूळ संप्रेरकच का वापरत नाहीत? शिवाय माझे मेहुणे वजन उतरवण्यासाठी ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापलेली पेप्टाइडची कुपी मागवू पाहतात. ते योग्य आहे का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : मूळ संप्रेरक टिकत नाही, एवढेच कारण. जेवण आतड्यात उतरले की तिथल्या एल पेशी जीएलपी-१ हे संप्रेरक सोडतात. साखर वाढलेली असेल तेव्हा ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेते, जठर सावकाश रिकामे होऊ देते आणि भूक शमवते. परंतु डीपीपी-४ नावाचे विकर त्याच्या टोकाची दोन अमिनो आम्ले छाटून टाकते आणि साधारण दोन मिनिटांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषातील एक्सेंडिन-४ या तशाच पेप्टाइडमध्ये नेमक्या छाटणीच्या जागी वेगळे अमिनो आम्ल असल्यामुळे ते तग धरते. अमेरिकन संशोधक जॉन एंग यांनी ते १९९२ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यावरून बनलेल्या एक्सेनाटाइड या मधुमेहावरील औषधाला २००५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. सेमाग्लुटाइड या त्याच गटातील औषधात तीच जागा बदलून शिवाय मेदाम्लाची साखळी जोडली आहे. ती रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहते, म्हणून आठवड्याला एक इंजेक्शन पुरते.

आपल्या कन्येचे खरे कसब पुढेच आहे. उपाशी उंदराला ग्लुकोज पाजून १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांनी शेपटीच्या टोकातून रक्ताचा थेंब घेणे सरावाने जमते. मात्र अनेक आठवडे पेप्टाइड दिलेले उंदीर मुळात खातातच कमी, त्यामुळे साखर सुधारली ती पेप्टाइडमुळे की उपासमारीमुळे, हे ओळखण्यासाठी तेवढेच मोजून खाऊ घातलेला, पण पेप्टाइड न दिलेला दुसरा गट ठेवावा लागतो. हा गट नसेल तर, माझ्या मते, निम्मा निष्कर्ष हवेत राहतो.

मेहुण्यांनी ती कुपी मागवू नये. आतली चिमूटभर पांढरी भुकटी निर्जंतुक आहे किंवा लेबलवर लिहिली तेवढीच आहे, याची हमी माणसाला टोचण्यासाठी कोणीही दिलेली नसते. या गटातील मान्यताप्राप्त औषधे भारतात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली होती का आणि घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला होता का, हे मेहुण्यांनी डॉक्टरांना आधीच सांगावे.