जंगल म्हणजे झाडी नव्हे

प्रश्न असा आला आहे : नववीतल्या मुलीने शाळेच्या प्रकल्पात 'सोलापूरजवळचं नान्नजचं माळरान ही एक परिसंस्था आहे' असं लिहिलं. शिक्षकांनी ते खोडून 'माळरान ही पडीक जमीन, परिसंस्था जंगलाला म्हणतात' असा शेरा दिला. बरोबर कोण? आणि परिसंस्था व अधिवास यांत फरक काय?

मुलगी बरोबर. सजीव, त्यांच्या भोवतीची माती, पाणी, हवा, ऊन आणि या सगळ्यांत चाललेली देवघेव मिळून परिसंस्था होते. तिला झाडांची अट नाही. गावाबाहेरचं डबकंसुद्धा परिसंस्थाच.

माझा खरा राग आहे तो 'पडीक' या शब्दावर. दर पावसाळ्यात 'ओसाड, पडीक माळ हिरवा करू या' अशी आवाहनं निघतात आणि गवतात खड्डे पाडून गिरिपुष्पाची रोपं लावली जातात. पडीक हा नांगराचा शब्द आहे. कसण्याजोगी जमीन कसायची सोडली की ती पडीक. जो माळ स्वतःच्या गवतावर उभा आहे, तो पडीक कशावरून? मुरमावर वीतभर माती, पाऊस बेताचा, तोही लहरी. अशा ठिकाणी कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं तग धरतात. कुसळीच्या बियांचं कुसळच पाहा : ओल लागली की त्याचा पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि या पिळण्या-सुटण्यात बी स्वतःहून मातीत शिरतं. या गवतांना उघडं ऊन लागतं. वर दाट सावली धरली की ती मागे हटतात. माळढोक पक्षी एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर, कारण त्याचा सगळा भरवसा दूरवर दिसण्यावर असतो. त्याच्यासाठी 1979 साली अभयारण्य झालं ते याच 'पडीक' जमिनीवर.

आता शेऱ्यातला दुसरा शब्द, जंगल. खरी मौज इथे आहे.

जंगल हा शब्द फारसीतून आला असं पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. फारसीत तो आहे, पण तिथे तो आपल्याकडून गेलेला. मूळ संस्कृत 'जाङ्गल'. त्याचा अर्थ झाडी असा मुळीच नाही. कोरडा, मोकळा, उन्हाचा मुलूख असा आहे. आयुर्वेदात भूमीचे तीन प्रकार सांगतात : जांगल, आनूप आणि साधारण. आनूप म्हणजे पाणथळ, दाट, दमट. तिथे नारळ, केळी, तमाल. जांगल त्याच्या उलट. चरकसंहितेच्या कल्पस्थानात जांगल देशाचं वर्णन सुरू होतं तेच 'पर्याकाशभूयिष्ठः' या शब्दाने. जिथे चहूकडे आभाळच आभाळ आहे असा! माळावर उभं राहिलेल्या माणसालाच सुचेल असा शब्द. पुढे झाडं येतात ती खैर, धावडा, सालई, बोर, टेंभुर्णी, शमी. पाखरं येतात ती लावे आणि तित्तिर. म्हणजे झाडं आहेत, दाट रायाही आहेत, पण कोरड्या मुलखातल्या आणि आभाळ न झाकणाऱ्या.

यावर आयुर्वेदाचे काही भाषांतरकार 'जांगल मांस'चा अर्थ 'जंगली प्राण्यांचं मांस' असा करतात, तो मला अजिबात मान्य नाही. तसं असतं तर रानडुक्कर आणि रानरेडा पहिल्यांदा त्यात आले असते. पण चरक वराह आणि महिष यांना आनूप वर्गात घालतो, कारण ते चिखलपाण्याचे. जांगल वर्गात हरणांची जात येते. वर्गवारी प्राणी रानटी की पाळीव यावर बेतलेली नाही, तो कुठल्या भूमीवर वाढला यावर बेतलेली आहे. हे न पाहता भाषांतर करणं म्हणजे मूळ विचारच पुसून टाकणं.

मनुस्मृती राजाला सांगते की त्याने जांगल देशात, धान्य पिकणाऱ्या मुलखात राहावं (7.69). किर्र झाडीत राजधानी वसव असं कोणी सांगेल का? महाभारतातला कुरुजांगल हा भरवस्तीचा प्रदेश आहे. बिकानेरचा कोरडा मुलूख 'जांगल देश' म्हणवतो, आणि तिथले राजे 'जंगलधर बादशाह' अशी पदवी मिरवत.

मग अर्थ फिरला कसा? बरेच विद्वान इंग्रजांकडे बोट दाखवतात. मला ते अपुरं वाटतं. हॅलहेड नावाच्या इंग्रजाने 1776 साली हिंदू कायद्याचं इंग्रजी भाषांतर छापलं, त्यात पाच वर्षं पडून राहिलेल्या जमिनीला जंगल म्हटलं आहे. तोवर या शब्दाचा निकष पाण्यावरून नांगरावर सरकला होता. माझं मत असं : आधी जंगल म्हणजे कोरडी भूमी, मग न कसलेली भूमी, आणि न कसलेल्या भूमीवर झुडपं-झाडं माजतात म्हणून शेवटी झाडी. इंग्रजांनी फक्त शेवटची पायरी जगभर नेली. म्हणजे शेऱ्यात 'पडीक' आणि 'जंगल' एकमेकांविरुद्ध उभे केले आहेत, ते अडीचशे वर्षांपूर्वी एकाच जमिनीची नावं होती.

मनुस्मृतीतलं आणखी एक वचन या प्रश्नाला चपखल बसतं : 'कृष्णसारस्तु चरति मृगो यत्र स्वभावतः', काळवीट जिथे आपल्या स्वभावाने फिरतो तो देश यज्ञाला योग्य (2.23). यज्ञाचं सोडा, एका प्राण्यावरून भूमी ओळखायची ही रीत पाहा. आणि 'चरति यत्र स्वभावतः' यापेक्षा अधिवासाची नेमकी व्याख्या मला ठाऊक नाही. माळ हा काळविटाचा अधिवास. काळवीट, लांडगा, गवत, मुरूम आणि पाऊस मिळून परिसंस्था.

'माळरान'मधल्या रानाबद्दल न सांगता थांबवत नाही. रान हे अरण्याचंच रूप. वररुचीने प्राकृताच्या व्याकरणात त्यासाठी स्वतंत्र सूत्र दिलं आहे, 'लोपोऽरण्ये' : अरण्यातला पहिला अ गळतो. अरण्य, रण्ण, रान. आणि अरण्यातही झाड नाही! ऋग्वेदात 'अरण' म्हणजे दूरचा, परका. वैदिक शब्दांची फोड करणारा जुना पंडित यास्क दोन व्युत्पत्ती देतो : गावापासून दूर गेलेलं ते अरण्य, किंवा जिथे मन रमत नाही ते 'अरमण' म्हणून अरण्य. पहिली सोन्यासारखी आहे. दुसरी, यास्काची असली तरी, ओढूनताणून आणलेली आहे. आपल्याकडे देशावर शेतकरी 'रानात पाणी धरायचंय' म्हणतो तेव्हा त्याला शेत म्हणायचं असतं. अरण्याचा अर्थ शेतापर्यंत कसा पोचला याचं कोडं पडायचं कारण नाही, कारण गावकुसाबाहेर जे जे आहे ते सगळं रान, मग तिथे ज्वारी असो की कुसळी.

याच ओघात कच्छच्या रणालाही काही जण रानाशी जोडतात. ते चूक आहे. ते 'रण' आलं संस्कृत 'इरिण'वरून, म्हणजे खारवट, काही न उगवणारी जमीन.