‘समजलं का?’ विचारलं की सगळी म्हणतात ‘होऽऽ सर’

प्रश्न : मॅडम, मी तालुक्याच्या गावी एका कॉलेजात सीएचबीवर (म्हणजे तासांप्रमाणे पैसे) फिजिक्स शिकवतो, दुसरंच वर्ष आहे माझं. एफवायला ऐंशीच्या वर पोरं, निम्म्याहून जास्त मराठी मीडियमची. फळा भरभरून शिकवतो, पीपीटी पण करून बघितली, मध्येमध्ये ‘समजलं का’ विचारतो तर सगळी एका सुरात ‘होऽऽ सर’ आणि इंटर्नलचे पेपर हातात आले की डोक्याला हात. न्यूटनचा तिसरा नियम शब्दन् शब्द पाठ, पण ट्रक आणि स्कूटरची समोरासमोर धडक झाली तर जास्त बल कोणावर असं विचारलं की अख्खा वर्ग ‘स्कूटरवर’! माझं काय चुकतंय? आणि पोर्शनही संपवायचाय.
— एक वाचक, मराठवाडा

उत्तर : सर, पहिलं म्हणजे हे तुमच्या एकट्याचं दुखणं नाहीये. हार्वर्डमध्ये एरिक मझूर म्हणून फिजिक्सचे प्राध्यापक आहेत, पोरांचा फीडबॅक झकास, अवघड गणितं पोरं पटापट सोडवायची, त्यामुळे आपण भारी शिकवतो असं त्यांनाही वाटायचं. मग १९९० च्या सुमारास त्यांनी वर्गाला साध्या भाषेतले, आकडेमोड नसलेले प्रश्न घातले, आणि एका मुलीने विचारलं की सर, उत्तर तुम्ही शिकवलंय तसं लिहू का मला एरवी वाटतं तसं? असल्या प्रश्नांची एक चाचणी १९९२ मध्ये छापून आली, तिच्यात मोठा ट्रक आणि छोट्या गाडीची धडक आहेच. म्हणजे तुमचाच प्रश्न, आणि पोरं आपटतात तीही तिथेच.

त्यावर मझूरनी जे काढलं ते तुमच्या वर्गात एक रुपया खर्च न करता जमतं. ट्रकचा प्रश्न फळ्यावर लिहा, खाली तीन पर्याय. एक मिनिट कोणी बोलायचं नाही, प्रत्येकाने उत्तर वहीत लिहायचं (हे लिहिणं सोडू नका, नाहीतर सगळे पहिल्या बाकावरच्या हुशार पोरीच्या तोंडाकडे बघतात). मग एक, दोन किंवा तीन बोटं छातीशी धरायची, वर नाही, म्हणजे मागच्याला दिसत नाही आणि तुम्हाला दिसतं. साधारण तीस ते सत्तर टक्के बरोबर असतील तर तुम्ही गप्प बसायचं आणि सांगायचं, शेजारी ज्याचं उत्तर वेगळं आहे त्याला पटवा, दोन-तीन मिनिटं, आणि परत बोटं. त्याहून कमी बरोबर असतील तर मुद्दा पुन्हा शिकवा, जास्त असतील तर दोन वाक्यांत आटपून पुढे चला.

याने फरक का पडतो, तर ज्या पोराला आत्ताच समजलंय त्याला आपण कुठे अडलो होतो ते अजून आठवत असतं, आपण ते कधीच विसरलेलो असतो. आणि ती मराठीतच बोलू देत हो! ‘अरे बल दोघांवर सारखंच आहे, पण स्कूटरचं वजन कमी ना, म्हणून तिचं अ‍ॅक्सिलरेशन जास्त, म्हणून तिचाच चुराडा’ हे वाक्य एका पोराने दुसऱ्याला सांगितलं की तुमचं काम झालं, इंग्रजी पेपरात कसं लिहायचं ते नंतर दाखवा. बाकं जमिनीला ठोकलेली असतील तर पुढच्या बाकाने मागे वळायचं, बास.

‘समजलं का’ मात्र आजपासून बंद, त्याला ‘हो’ सोडून दुसरं उत्तरच नसतं. आणि प्रश्न विचारला की थांबा. मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी शाळांमधले विज्ञानाचे तास रेकॉर्ड करून मोजलं, तर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते, तीन सेकंद थांबले तर उत्तरं मोठी यायची आणि एरवी गप्प असणारी पोरंही बोलायची. तीन सेकंद, करून बघा, घाम फुटतो.

पोर्शनचं खरं सांगते, पहिला महिनाभर मागे पडाल. एका तासाला असे दोनच प्रश्न घ्या आणि तेवढा वेळ नोट्स डिक्टेट करण्यातून काढा. व्याख्या पुस्तकात छापलेल्या असतात, त्या परत बोलून लिहून घ्यायचं काही कारण नाही. मी स्वतः कितीतरी वर्षं डिक्टेशन दिलंय, म्हणून एवढ्या अधिकाराने बोलतेय!

प्रश्न : मी बीकॉमला अकाउंट्स शिकवते. या वर्षी रोज तासाच्या सुरुवातीला कालच्यावर तीन प्रश्न, मार्क नाहीत, शिवाय जोडीने चर्चा असं सुरू केलं, तर फीडबॅक फॉर्मवर पोरांनी लिहिलंय ‘मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात’. एचओडींनी (विभागप्रमुखांनी) बोलावून घेतलं. बंद करू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : अजिबात नाही. पोरं खोटं बोलत नाहीयेत, त्यांना खरंच तसं वाटतं. २०१९ मध्ये हार्वर्डमध्येच फिजिक्सच्या वर्गांवर प्रयोग झाला, एकच धडा, काहींना छान घोटीव लेक्चर आणि काहींना स्वतः झगडायला लावणारा तास. टेस्टमध्ये झगडणारे पुढे, पण जास्त शिकलो असं वाटत होतं लेक्चरवाल्यांना! सरांच्या तोंडून सगळं सोपं वाटतं ना, आणि स्वतः केलं की आपल्याला येत नाही हे कळतं, ते कोणाला आवडेल?

तुमच्या तीन प्रश्नांचंही तसंच आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की उतारा परत वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्याने त्यांच्या लक्षात राहिलं ४२ टक्के, आणि न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या ५६ टक्के. मुलांना हे आकडे सरळ फळ्यावर लिहून दाखवा, तेही सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात, फीडबॅकच्या आदल्या दिवशी नको. एचओडींनाही तोच कागद द्या.

फक्त प्रश्न पाठांतराचे नकोत. ‘डेबिट द रिसीव्हर’ म्हणून दाखव यापेक्षा ‘मशीनवर डेप्रिसिएशन (घसारा) लावलं तर त्या दिवशी गल्ल्यातली कॅश कमी होते का’ हे विचारा, वर्गात भांडण लागतं.

प्रश्न : फळा की पीपीटी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : डेरिव्हेशन आणि गणितं फळ्यावर, कारण आपला हात चालतो त्याच वेगाने पोरांचं डोकं चालतं. फोटो, नकाशे, आलेख पीपीटीवर. आणि पीपीटीवरचं वाचून दाखवायचं असेल तर ती ग्रुपवर टाका आणि पोरांना घरी सोडा.