नियम चालला नाही, तेव्हा

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. ड्रूल्स या नियम-इंजिनात (अटी तपासून नियम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) लिहिलेला, ज्येष्ठ नागरिकांच्या मुदत ठेवीवर अर्धा टक्का जादा व्याज देणारा नियम चाचणीत चालतो, प्रत्यक्ष ग्राहकाला मात्र लागू होत नाही, म्हणून तू त्याचा सेलियन्स, म्हणजे प्राधान्याचा आकडा, १० वरून १०० केलास, असे तू लिहिले आहेस. तो आकडा पूर्ववत कर. जुळलेल्या नियमांपैकी आधी कोणता चालवायचा, एवढेच सेलियन्स ठरवतो. जो नियम जुळलाच नाही, त्याला रांगेत पुढे आणून उपयोग नाही.

ड्रूल्स आपला नियम वरून खाली ओळीने वाचत नाही. चार्ल्स फोर्जी यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या रेटे पद्धतीच्या वळणाने ते अटींचे जाळे बांधते. फॅक्ट, म्हणजे इंजिनला दिलेली माहिती (इथे ग्राहक), त्या जाळ्यातून जातो, सर्व अटी जुळल्या की जुळणी अजेंड्यावर, म्हणजे चालवायच्या नियमांच्या यादीत, येते आणि त्यानंतर नियम चालतो. साखळी यांपैकी कुठे तुटली, हे कळेपर्यंत नियमाच्या मजकुराला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

नियम मुळात लोड झाला का, हे बिल्डचे संदेश आणि नियमांच्या नावांची यादी पाहून पाच मिनिटांत कळते. पुढे अजेंड्यावर आणि वर्किंग मेमरीवर (जिथे इंजिन फॅक्ट ठेवते) लिसनर, म्हणजे प्रत्येक घटना टिपणारा कोड, लाव. फॅक्ट आत आला, बदलला, जुळणी झाली, जुळणी रद्द झाली, नियम चालला, या सगळ्यांच्या नोंदी वेळेच्या क्रमाने मिळतील. जुळणी होऊन रद्द झालेली दिसली, तर मधल्या कोणत्या तरी नियमाने फॅक्ट बदलला असावा, हा पहिला संशय धर. जुळणीची नोंदच नसेल, तरी अट खोटी होती असे लगेच मानू नकोस. ड्रूल्स ६ पासून नियमांचे मूल्यमापन गरज पडेल तेव्हाच होते, त्यामुळे ज्या अजेंडा-गटाला (नियमांच्या वेगळ्या तुकडीला) फोकस, म्हणजे चालण्याची पाळी, मिळालेला नाही, त्यातल्या नियमाची जुळणी लॉगमध्ये उमटतच नाही.

तुझ्या बाबतीत माझा संशय वयावर आहे. एका विमा प्रकल्पात आमच्या तीन रात्री याच जागी गेल्या. शेवटी ग्राहकाच्या माहितीचा ऑब्जेक्ट छापून पाहिला की वय ६२ दिसे, आणि तरीही सवलतीचा नियम गप्प. आधीच्या एका नियमाने जन्मतारीख थेट सेटरने (ऑब्जेक्टमधली किंमत बदलणाऱ्या मेथडने) भरली होती आणि अपडेट, म्हणजे बदल इंजिनला कळवणे, केलेच नव्हते. ऑब्जेक्ट बदलला, पण इंजिनला त्याची वार्ताच नव्हती. मग आम्ही बदल करून तो इंजिनलाही कळवणारे मॉडिफाय वापरले, तरी नियम चालेना. ड्रूल्स ७ मध्ये इंजिन मुळातच गुणधर्मनिहाय लक्ष ठेवते: मॉडिफायने जन्मतारीख बदलल्याचे कळवले, पण नियमाची अट वयावर होती, आणि वय हे जन्मतारखेवरून मोजले जाते, हे इंजिनला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. अट थेट जन्मतारखेवर लिहिली, तेव्हा प्रश्न सुटला. तुझ्या चाचणीत ग्राहक जन्मतारखेसह आत जातो; प्रत्यक्षात ती केवायसीच्या नियमातून नंतर भरते का, ते पाहा.

मॉडिफाय घालताना एक गोष्ट सांभाळ. तोच नियम पुन्हा जागा होऊन फिरत राहू शकतो. नियमावर लावायची नो-लूप ही खूण त्याला स्वतःच्या बदलापुरते थांबवते, परंतु दोन नियम एकमेकांना जागे करू लागले तर ती कामी येत नाही. चाचणीत फायर-ऑल-रूल्सला, म्हणजे जुळलेले नियम चालवणाऱ्या आज्ञेला, ५०० ची मर्यादा दे आणि ते परत करत असलेली, चाललेल्या नियमांची संख्या दर वेळी नोंदव; नेमकी ५०० आली, तर चक्र लागले असण्याचीच शक्यता अधिक.

हजार ग्राहकांचा लॉग पाठवू नकोस. व्याज न मिळालेला एकच ग्राहक घे, त्याचा फॅक्ट आत गेल्यापासून सत्र संपेपर्यंतच्या नोंदी क्रमाने काढ, आणि जन्मतारीख ज्या ओळीत भरली गेली, त्या ओळीखाली रेघ मारून मला पाठव.

तुझा,
जुना सहकारी