सैल व्हायचे म्हटले की झोप आणखीच उडते

प्रश्न : माझे वय 53. पाळी थांबून दोन वर्षे झाली. रात्री अकराला पाठ टेकली की डोळा लागतो, पण तीनच्या सुमारास अंगातून वाफा निघतात, घामाने भिजून जाग येते, छाती धडधडते आणि मग उजाडेपर्यंत मी घड्याळ पाहत पडून राहते. दुपारी चारला अंगात त्राण उरत नाही. मैत्रिणीच्या सांगण्यावरून शरीर शिथिल करण्याचा व्यायाम तीन-चार रात्री करून पाहिला. पण ‘आता सैल व्हायचे’ असे मनाशी म्हटले की मी उलट टक्क जागी होते. ताई, एवढी साधी गोष्टही मला जमू नये का?

उत्तर : ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही, आणि तुम्ही ती नेमकी सर्वांत अवघड वेळी शिकायला घेतलीत. मध्यरात्री, घामाने भिजलेल्या कपड्यांत, उद्याच्या दिवसाची धास्ती मनात असताना कोणालाही नवे कौशल्य हस्तगत होत नाही. पोहणे शिकण्यासाठी आपण पुराची वाट पाहत नाही. हा व्यायामही आधी दिवसा, झोपेशी काही संबंध नसताना शिकून घ्यावा लागतो. तुमच्या हातून राहिले ते एवढेच.

रात्री काय घडते तेही समजून घ्या. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झाले की शरीराचे तापमान सांभाळणारे मेंदूतील केंद्र हळवे होते आणि किंचितशा फरकालाही ‘उष्णता वाढली’ असे समजून त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावते, घाम आणते. ही लाट बहुधा काही मिनिटांत ओसरते. त्यानंतरचे दोन-तीन तास मात्र वाफांमुळे जात नाहीत. ते आवळलेला जबडा, कानांपर्यंत चढलेले खांदे आणि ‘आता किती तास उरले’ हा हिशेब यांत जातात. शिथिलीकरणाने वाफाच थांबतील असे आश्वासन मी देणार नाही. त्याचा उपयोग होतो तो या नंतरच्या तासांसाठी.

तुम्हाला मी सुचवेन ती पद्धत एडमंड जेकबसन या अमेरिकन वैद्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडली. स्नायू सैल सोडायचा तर तो आवळलेला असताना कसा लागतो हे आधी ओळखता आले पाहिजे, हा तिचा गाभा आहे. दुपारी किंवा संध्याकाळी, पोट जड नसताना, खुर्चीत टेकून बसा. उजव्या हाताची मूठ वळा आणि पाच ते सात सेकंद तशीच ठेवा. श्वास रोखू नका, आणि जोरही पूर्ण लावू नका, निम्मा पुरे. मग मूठ हळूहळू न उलगडता एकदम सोडून द्या आणि पुढची वीसेक सेकंद दुसरे काही न करता त्या हाताकडे लक्ष ठेवा. तळव्यात ऊब येते, बोटे आपल्या वजनाने मांडीवर विसावतात, काहींना बारीक मुंग्या जाणवतात. ही वीस सेकंदे घाईने उरकली तर व्यायामातला जीवच गेला असे समजा. त्यानंतर डावा हात, दंड, कपाळ, डोळे, जबडा, खांदे, पोट, मांड्या आणि शेवटी पाय. पायांची बोटे पुढे ताणण्याऐवजी नडगीकडे ओढा, म्हणजे पोटरीत गोळा येणार नाही. मान किंवा सांधा दुखत असेल तर तो भाग न आवळता नुसता सैल सोडा. सगळे मिळून पंधरा मिनिटांत होते.

पहिले दोन-तीन आठवडे हे फक्त दिवसाच करा आणि त्याचा झोपेशी हिशेब जोडू नका. हात सोडताच खांदेही आपोआप खाली येऊ लागले की मग रात्री अंथरुणात करा. शिथिल होताना काही जणींना उलट अस्वस्थ वाटते. तसे झाल्यास डोळे उघडे ठेवा आणि दोन-तीन अवयवांवरच थांबा.

तीनला जाग आली तर आधी कपडे बदला. कोरडा सुती जोड संध्याकाळीच उशाशी ठेवलेला असावा, म्हणजे कपाटाशी खुडबुड करावी लागत नाही. घड्याळाचे तोंड भिंतीकडे फिरवून ठेवा. (मोबाइल उशाशी ठेवून घड्याळ फिरवण्यात अर्थ नाही, हे मी स्वानुभवाने सांगते.) मग हात, जबडा आणि खांदे एवढेच सैल सोडा, श्वास घेण्यापेक्षा सोडायला थोडा अधिक वेळ द्या. अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणे करीत बसा आणि पेंग आल्यावरच अंथरुणावर परता. सकाळी मात्र रोजच्याच वेळी उठा, रात्र कशीही गेलेली असो. दुपारी चारच्या थकव्यावर चहा-कॉफीचा उतारा घेत असाल तर तो थांबवा, कारण त्यातले कॅफिन कित्येक तास अंगात राहते.

मी डॉक्टर नाही, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगते. इतका थकवा केवळ वयावर ढकलू नका. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. तुम्ही घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, हे घरच्यांना विचारा, कारण रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये हा विकार वाढतो आणि तो अशा शिथिलीकरणाने जात नाही. पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला, अगदी डाग दिसला, तरी लगेच दाखवा. वाफा फार असतील तर त्यांवर औषधे आहेत. त्याविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारण्यात संकोच कसला?

दोन महिन्यांनी मला जरूर लिहा. रात्री किती तास झोप लागली हे नको. दुपारी चारला कसे वाटते, तेवढे कळवा.