उत्तर: ड्युअल पोरोसिटी मॉडेलमध्ये पाणी उशिरा येतंय? सिग्मा नंतर, आधी फ्रॅक्चरची पर्मिएबिलिटी तपासा

तुम्ही लिहिलंय की तेलाच्या विहिरीत पाणी काही महिन्यांतच आलं, पण कॉम्प्युटर मॉडेलमध्ये ते कित्येक वर्षं येतच नाही, आणि सिग्मा (खडकाचे ठोकळे आणि भेगा यांच्यातली देवाणघेवाण ठरवणारा आकडा) बदलून बदलून तुम्ही थकलात. आमच्या चुनखडकाच्या फील्डचं अगदी हेच झालं होतं म्हणून सविस्तर लिहितोय. ड्युअल पोरोसिटीत निम्मे लेयर मॅट्रिक्सचे (म्हणजे भेगांमधला अखंड खडक), निम्मे फ्रॅक्चरचे (म्हणजे भेगा) वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडतो.

सिग्मा कमी केला की मॅट्रिक्समध्ये पाणी कमी शिरतं आणि विहिरीत लवकर येतं, म्हणून सगळे तोच पिळत बसतात. पण घनाकृती ठोकळ्याला सिग्माचं काझेमीचं सूत्र १२ भागिले बाजूचा वर्ग म्हणतं, लिम-अझीझचं १२ ऐवजी साधारण ३०, वॉरन-रूटचं ६०, म्हणजे सूत्रासूत्रांत फरक पाचच पट. (ठोकळ्याची बाजूच चुकली असेल तर चूक वर्गात वाढते, ते वेगळं.) तुमची तफावत मला त्याहून खूप मोठी वाटते.

तुम्ही एक्लिप्स हा सिम्युलेटर वापरत असाल तर हे नक्की बघा: ड्युअल पोरोसिटीमध्ये तुम्ही दिलेल्या फ्रॅक्चर पर्मिएबिलिटीला (भेगांची प्रवाह वाहू देण्याची क्षमता) ते आपणहून फ्रॅक्चर पोरोसिटीने (भेगांनी व्यापलेला आकारमानाचा हिस्सा) गुणतं. 'नोडीपीपीएम' हा कीवर्ड टाकला तरच गुणत नाही. आता वेल टेस्टमधून (विहिरीतल्या दाबाच्या चाचणीतून) येते ती आधीच अख्ख्या खडकाची इफेक्टिव्ह पर्मिएबिलिटी, तिला परत गुणायचं नसतं. समजा ५०० मिलिडार्सी आली आणि पोरोसिटी ०.००५ आहे, तर गुणून उरले २.५. रन व्यवस्थित चालतो, एरर नाही, वक्र छान गुळगुळीत, फक्त त्या मॉडेलमध्ये भेगा नावालाच उरतात.

आमचं मॉडेल एका बाहेरच्या सल्लागार ऑफिसने बनवून दिलं होतं. रिपोर्टमध्ये 'फ्रॅक्चर पर्मिएबिलिटी' असा एक रकाना आणि आकडे, ते वेल टेस्टचे की इमेज लॉगवरून (विहिरीच्या भिंतीच्या चित्रावरून) भेगांची रुंदी धरून काढलेले, एक अक्षर नाही. विचारलं तर म्हणे अपेंडिक्स बघा, अपेंडिक्समध्ये नुसते रंगीत नकाशे, परत विचारलं तर ज्यांनी काम केलं ते आता इथे नाहीत. एका ओळीचं उत्तर हवं होतं हो! त्यापायी आमच्या टीमचे महिने गेले, रिलेटिव्ह पर्मिएबिलिटी बदल, अॅक्विफर वाढव, सगळं करून झालं. आजही याचा संताप येतो. माझं स्पष्ट मत आहे की आकडा कुठून आला हे लेखी नसेल तर मॉडेल ताब्यातच घेऊ नये.

तपासणं सोपं आहे. शेजारच्या दोन फ्रॅक्चर सेलमधली ट्रान्समिसिबिलिटी (एका सेलमधून दुसऱ्यात प्रवाह किती सहज जातो तो आकडा) हाताने काढा (फील्ड युनिटमध्ये ०.००११२७ गुणिले पर्मिएबिलिटी गुणिले क्षेत्रफळ भागिले अंतर) आणि आउटपुटमधल्या आकड्याशी ताडून बघा. आउटपुटमधला आकडा तुमच्या आकड्याला पोरोसिटीने गुणल्याइतकाच निघाला तर चोर सापडला. दुसऱ्या सिम्युलेटरचं मला खात्रीने सांगता येणार नाही, मॅन्युअल वाचा.

हे जुळल्यावरच सिग्माकडे वळा, आणि तोही वेल टेस्टच्या लॅम्डावरून (मॅट्रिक्समधून भेगांत प्रवाह किती सहज येतो ते सांगणारा आकडा) काढा, अंदाजाने नको. वेटॅबिलिटीही (खडकाला पाणी जास्त चिकटतं की तेल) विचारून घ्या. नॉर्वेच्या एकोफिस्क तेलक्षेत्रात १९८७ पासून मोठ्या प्रमाणावर पाणी सोडलं ते तिथला चॉक (मऊ चुनखडक) पाणी शोषून तेल बाहेर ढकलतो म्हणून जमलं, ऑइल-वेट (तेल चिकटून राहणाऱ्या) खडकात तीच कॅपिलरी प्रेशरची (खडक पाणी किती जोराने शोषतो त्याची) वक्ररेषा टाकली तर मॉडेल खोटं तेल दाखवेल.

अर्थात तुमचा डेटा मी पाहिलेला नाही, कारण वेगळंही असू शकतं. ट्रान्समिसिबिलिटी किती निघाली ते इथे टाका, सोबत फ्रॅक्चर पोरोसिटीही लिहा, मग बघू.