सहा लाख आले कुठून?

"मॅडम, आईला जन्मभर बंदी घातलीया. आता बाबांच्या नावानं भरू, की आईचा नवा पासपोर्ट काढू?"

प्रश्न दारातूनच आला. २०२४ चा पावसाळा होता. चिकोडी तालुक्यातून बसने बेळगावला आलेला हा तरुण छत्री झटकत उभा होता आणि मागे त्याची आई, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. (नावं सांगत नाही, ओळखीच्या एकदोन खुणाही बदलल्या आहेत.) बहीण इंग्लंडात लेस्टरला, पहिलं बाळंतपण नोव्हेंबरात. आईने व्हिजिटर व्हिसा मागितला होता आणि तो नाकारला गेला होता.

मी कुटुंब समुपदेशन करते, व्हिसाचे अर्ज भरून देत नाही. पण मुलं परदेशी गेलेल्या घरांतला ताण हल्ली पुष्कळदा याच कागदांतून येतो, म्हणून ते वाचायला शिकले.

त्या घरात आठ दिवस चूल कशीबशी पेटत होती. बाळंतविडा शिवून तयार, डिंक आणून ठेवलेला, अर्ध्या गावाला सांगून झालेलं. नकार आल्यापासून आई पिठाच्या गिरणीकडेही फिरकली नव्हती. त्यात मुलीची सासू फोनवर म्हणाली होती, "कागदं नीट नसतील." एवढं सांगून आईने माझ्याकडे पाहिलं. "मी काय चोर हाय काय, मॅडम?"

मी नकाराचं पत्र मागितलं. फाईलच्या तळाशी होतं, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. घरात कुणी ते वाचलंच नव्हतं. एजंटाने मोबाईलवर शेवटचा परिच्छेद बघून अर्थ सांगितला होता. त्या परिच्छेदात एवढंच होतं की पुढचा अर्ज त्याच्या स्वतःच्या गुणदोषांवर तपासला जाईल, पण परिस्थिती बदलली नसेल तर पुन्हा नकार येण्याची शक्यता आहे. याची जन्मभराची बंदी झाली होती!

खरी बंदी वेगळ्या कारणाने येते. खोटी माहिती किंवा बनावट कागद दिल्याचं ठरलं तर ब्रिटनचं दार साधारण १० वर्षं बंद होतं, कॅनडाचं ५. आणि नव्या पासपोर्टची युक्ती नेमकी तिथेच नेते. कुठल्याही देशाने पूर्वी व्हिसा नाकारला आहे का, हा प्रश्न अर्जात असतोच. तिथे 'नाही' लिहायचं? आईच्या बोटांचे ठसे पुण्याला देऊन झाले होते. पासपोर्ट बदलेल, बोटं कशी बदलतील?

बाबांच्या नावाने भरायची कल्पनाही मला पटली नाही. प्रत्येकाचा अर्ज वेगळा तपासतात, आईच्या नकाराने बाबांचा अर्ज आपोआप पडत नाही, हे खरं. पण घर तेच, शेत तेच, फाईल तीच. आईचा अर्ज जिथे अडला, तिथेच बाबांचाही अडणार.

मग पत्राचा मधला भाग काढला. अधिकारी ठरल्याप्रमाणे 'माझी खात्री पटत नाही' अशा भाषेत लिहितो आणि ब्रिटिश नियमांतल्या 'व्ही ४.२' या परिच्छेदाकडे बोट दाखवतो: मुदत संपल्यावर परत जाल का, खरोखर भेटीलाच येताय का, खर्चाची सोय आहे का. आईच्या बाबतीत सगळं एका नोंदीवर अडलं होतं. मी पासबुक उघडलं. वर्षभर तीस-चाळीस हजारांच्या आसपास फिरणारं खातं, आणि अर्जाच्या नऊ दिवस आधी एकदम ६,००,००० जमा.

"हे कुणाचे?"

मुलगा गप्प. आईच म्हणाली, "मामाचे. एजंट म्हणाला खातं फुगलेलं दिसाय पायजे."

ब्रिटनच्या नियमात खात्यात अमुक इतकेच लाख हवेत असा आकडा नाही. पैसे तुमचे आहेत का आणि आले कुठून, हे बघतात. गंमत म्हणजे या घराकडे खरे पैसे होते. हंगामातलं उसाचं बिल बाबांच्या गावातल्या सोसायटीच्या खात्यात पडून होतं आणि ते पासबुक फाईलमध्ये लावलंच नव्हतं! उसाच्या घरात पैसा वर्षातून एकदोनदा येतो, शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही म्हणून रिटर्नही नसतो. आपल्याला हे सांगावं लागत नाही. पण दर महिन्याला पगार बघायची सवय असलेल्या माणसाला कारखान्याची बिलं, वजनाच्या पावत्या लावून आणि पानभर पत्र लिहून समजवावं लागतं.

उताराही कन्नडमध्ये, भाषांतर न जोडता लावला होता. कागदाच्या भाषेवरून आपण सीमाभागात दोन-तीन पिढ्या भांडतोय. तिकडच्या अधिकाऱ्याला मात्र कन्नड काय नि मराठी काय, दोन्ही तितकीच न कळणारी. प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतंच. शिवाय जमीन अजून आजोबांच्या नावावर. वारसा लावायचं काम सहा वर्षं 'पुढच्या महिन्यात' होतं.

आणि प्रवासाचं कारण? 'बाळ सांभाळण्यासाठी, ६ महिने.' सहा महिने ही व्हिजिटरची कमाल मर्यादा आहे, ती पूर्ण मागितली की आलेली बाई पाहुणी की बिनपगारी दाई, असा संशय येतो. खरा बेत दहा आठवड्यांचा होता. घरी म्हशी, बाबांचं जेवणखाण, उसाची तोड. तेच का नाही लिहिलं, विचारल्यावर मुलगा म्हणाला, "म्हशीचं काय लिहायचं, मॅडम?"

या नकारावर अपील नव्हतं. पुन्हा अर्ज करायला थांबण्याची सक्तीही नव्हती, म्हणून त्याला त्याच आठवड्यात भरायचं होतं. मी म्हटलं, तीच फाईल पाठवलीत तर तेच उत्तर येईल, वर ११५ पौंड पुन्हा जातील. (फी परत मिळत नाही, आता ती वाढलीही आहे.) आधी मामांचे पैसे परत करा, आणि ते का घेतले होते हे अर्जासोबतच्या पत्रात सरळ लिहा.

तो चिडला. "म्हणजे आपणच कबूल करायचं?"

"आलेले स्टेटमेंटमध्ये दिसतायत. गेलेलेही दिसणार."

आई इतका वेळ ऐकत होती. तिने विचारलं, "त्यात माझ्याबद्दल काय लिवलंय ते मराठीत वाचा की." मी पूर्ण पत्र एकेक वाक्य मराठी करून वाचलं. वीस मिनिटं लागली. तिने मध्ये एकदाच थांबवून 'खात्री पटत नाही' पुन्हा म्हणायला लावलं. वाचून संपल्यावर म्हणाली, "म्हंजे त्यो मला न्हाई म्हणत न्हाई. त्या सा लाखाला न्हाई म्हणतोय." आणि मुलाकडे वळून, "मामाचं पैसं उद्याच्याला दे."

त्या दिवशी मी केलेलं समुपदेशन म्हणाल तर एवढंच. नंतर ती गिरणीतही जायला लागली, असं मुलाने फोनवर सांगितलं.

सप्टेंबरात दुसरा अर्ज गेला. त्यात सोसायटीचं खातं, कारखान्याची बिलं, उताऱ्याचं भाषांतर, वारसा लावायला दिल्याची पोच, जावयाच्या पगाराच्या स्लिपा आणि दहा आठवड्यांचा हिशेब होता, म्हशींसकट. पूर्वीच्या नकाराच्या रकान्यात 'हो'. तिसऱ्या आठवड्यात व्हिसा आला. दरवेळी येतो असं नाही; कागद चोख असूनही दोनदा नकार मिळालेलं एक घर सध्या माझ्याकडे येतंय.

जानेवारीत त्या बाई परतल्या तेव्हा नातीचे फोटो दाखवायला आल्या. सोबत शेजारीण होती, तिची लेक कॅनडात. शेजारणीला आमच्या बाईंच्या फाईलची झेरॉक्स हवी होती, "आमचा बी ऊसच हाय की" म्हणून.

मी काही बोलायच्या आत बाईच म्हणाल्या, "झेरॉक्स कशाला? आधी तुझं पासबुक दाखीव मॅडमना."